किती बोटं? दोन

मंडळाच्या अंकासाठी लेख मागताना सेक्रेटरी म्हणाले, "आजारावर मात, असं काहीतरी लिहा. लोकांना उभारी येईल." मी मात वगैरे काही केलेली नाही. माझ्या कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त डॉक्टरांनी काढलं, आणि त्या वेळी मी भूल देऊन झोपवलेला होतो. माझं जे काही कर्तृत्व आहे ते त्याच्या आधीचं आहे, आणि ते सांगताना मान खाली जाते. तरी लिहितोय. हा अंक मस्कतमधल्या ज्या घरांत जातो, त्यातल्या बऱ्याच घरांतले पुरुष शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर असतात. त्यांनी नाही वाचलं तर त्यांच्या बायकांनी तरी वाचावं.

मी दिलीप. वय सत्तेचाळीस. राहतो माबेल्याला, ऑफिस अल् खुवैरला. एका बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. रोज सकाळी साइटवर कामगारांना उभं करून दहा मिनिटं बोलायचं, हे माझं काम. हेल्मेट, बूट, पट्टा. आणि रोजचं एक ठरलेलं वाक्य: "डोक्याला काहीही लागलं, कितीही थोडं लागलं, तरी आधी मला येऊन सांगायचं." हे वाक्य मी चौदा वर्षं बोलत आलोय.

शब्द सापडेना तेव्हा

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी नेहमीसारखा उभा होतो. समोर चाळीसेक माणसं. हिंदीत सुरुवात केली, "सब लोग अपना…" आणि पुढचा शब्द येईना. तो माझ्या डोक्यावरच होता. मी हाताने त्यावर टकटक केलं. "अपना ये… ये…" माणसांना वाटलं साहेब गंमत करतायत. ती हसली. एक फोरमन म्हणाला, "हेल्मेट, साब." मीही हसलो. घाम मात्र सुटला होता.

त्याआधीचे आठ-दहा दिवस डोकं दुखत होतं. उजव्या पायातली चप्पल चालताना निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर कळायचं. बायको, सुनीता, म्हणाली, "अहो, दाखवून या." मी म्हटलं, एसीची हवा लागलीय. सुनीता इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवते. तिला थाप लगेच कळते, पण ती लगेच बोलत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी घरी येताना माझी वळणाची एक्झिट चुकली. चौदा वर्षांचा रस्ता. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि सुनीताला फोन केला. तिला सांगायचं होतं, "मी पंपावर आहे." तोंडातून आलं, "मी दुकानावर आहे… पाण्याच्या." ती टॅक्सी करून आली, गाडीची किल्ली माझ्या हातातून घेतली आणि सरळ हॉस्पिटलला नेलं. मागच्या सीटवर मुलगी मृण्मयी होती, आठवीतली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही ओके आहात?" मी म्हटलं, "एकदम."

इमर्जन्सीतले डॉक्टर ओमानी, चाळिशीचे. पुण्यात शिकलेले निघाले. माझं नाव वाचून म्हणाले, "काय दिलीप, काय झालं?" पुढचं सगळं हिंदीत. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "कितनी उंगली?"

मी म्हटलं, "दो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देखके बोलो."

तेव्हा मी पाहिलं. चार होती.

त्यांना वाटलं नजरेचा दोष आहे, आणि तसं त्यांनी लिहून घेतलं. दोष नजरेचा नव्हता. ती वीस-पंचवीस वर्षांची सवय होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या महिना-दीड महिन्यात डोक्याला काही लागलं होतं?"

सुनीता शेजारी उभी होती. मी म्हटलं, "बाथरूममध्ये घसरलो होतो."

"कधी?" हे तिने विचारलं, डॉक्टरांनी नाही.

"झाले तीन-चार आठवडे. तुला उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही."

सुनीताने मान वळवून मृण्मयीकडे पाहिलं. आमच्याकडे त्यावरून रोजची कुरबुर होती. पोरगी केस धुऊन बाहेर येते आणि फरशीवर पाणी तसंच. "कुणीतरी पडेल एक दिवस," हे सुनीताचं रोजचं वाक्य. त्या वेळी तिने नुसतं पाहिलं. पोरीने खाली बघितलं.

मी ते पाहिलं आणि गप्प राहिलो. स्कॅनला नेईपर्यंत पाच मिनिटं होती. पाच मिनिटांत एक वाक्य बोलता आलं असतं.

चार भाषांत

स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्त साकळलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू साठत गेलंय, मेंदूवर दाबतंय, दुसऱ्या दिवशी सकाळी काढू. भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. सही करताना माझं नाव मला लिहिता येईना. 'दिलीप'मधला 'ली' कुठल्या बाजूला वळतो ते आठवेना. माझे वडील चिरेखाणीत दगड काढायचे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ते अंगठा लावायचे. आमच्या घराण्यात सही करणारा, कॉलेजची पायरी चढणारा, बी.ए. होणारा मी पहिला. त्या सहीचा मला किती माज होता ते माझं मलाच माहीत. त्या दिवशी सुनीताने माझा हात धरून रेघ ओढून घेतली.

ऑपरेशन नीट झालं. अर्धं डोकं भादरलेलं, एक नळी लटकलेली, दोन दिवस सपाट पडून राहायचं. शब्द परत यायला लागले. पहिला नीट आलेला शब्द 'चहा'. केरळच्या सिस्टरने तो चमच्याने पाजला. लहान मुलाला द्यावा तसा, थेंब गालावर आला की पुसून. तिला मी एकदाही नीट थँक्यू म्हटलं नाही याचं आता वाईट वाटतं.

शेजारच्या खाटेवर सूर बंदराकडचे एक म्हातारे मच्छीमार होते, पाय प्लास्टरमध्ये. त्यांचा मुलगा रोज थर्मासमधून काहवा, इथली कॉफी, आणायचा. मला न विचारता माझ्या टेबलावर तीन खजूर आणि एक छोटा कप ठेवला जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पट्टीकडे बोट करून हातानेच विचारलं, काय झालं? मला अरबी येतं ते साइटपुरतं. मी म्हटलं, "हम्माम," म्हणजे बाथरूम, आणि हात घसरवून दाखवला. ते चुकचुकले आणि त्यांनी आणखी एक खजूर ठेवला.

मराठी, हिंदी, इंग्रजी आणि अरबी. चार भाषा येतात हे मी लोकांना सांगत असतो. चारही भाषांत माझं तेच खोटं बोलून झालं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेत सुनीता आणि मृण्मयी यायच्या. सुनीता म्हणाली, "रबरी मॅट आणलीय बाथरूमसाठी. हिरवी. लुलू सुपरमार्केटमध्ये बघितली, मग रुवीत चांगली मिळाली." मग डबा टेबलावर ठेवून म्हणाली, "मीच आधी आणायला पाहिजे होती."

मृण्मयी पायाशी उभी होती. तिचं मराठी अडखळतं, आमच्याशी बोलताना ती आधी मनात जुळवते मग बोलते. म्हणाली, "बाबा, मी आता रोज वायपरने फ्लोअर ड्राय करते. सकाळी पण. रात्री पण मी चेक करते."

मी म्हटलं, "शहाणी ती."

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

इब्राहिम

चौथ्या दिवशी इब्राहिम आला. इब्राहिम आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाचा उजवा मध्यरक्षक. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. रुवीतल्या एका किराणा होलसेलरकडे पिकअप चालवतो. निझवा, सूर, इब्री, सगळीकडे माल पोचवतो. येताना संत्री घेऊन आला. खोलीत येऊनही त्याने काळा चष्मा काढला नाही.

"वहिनी बोलली, बाथरूमात पडलात."

मी संत्र्यांची पिशवी जवळ ओढली.

तो थोडा हसला. "बाथरूम तर बाथरूम. बरं केलंत भाऊ. मंडळाला ताप नको, तुमच्या नोकरीला नको."

त्याला खरं माहीत होतं, कारण ज्याच्या डोक्यावर माझं डोकं आपटलं होतं तो इब्राहिमच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी माबेल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आमच्या स्पर्धेचा शेवटचा सामना होता. आम्ही खडी वेचून, वाळू चाळून मैदान करतो. मी फक्त कोच. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला तेव्हा सुनीताला शब्द दिला होता, पुन्हा मैदानात उतरणार नाही. पण शेवटची पाच मिनिटं राहिली असताना डाव्या कोपऱ्यावरच्या पोऱ्याचा पाय मुरगळला. राखीव माणूस ड्युटीवर गेलेला. मी बूट काढले. कुणी मला ढकललं नाही. मला जायचंच होतं.

समोरचा चढाईपटू धिप्पाड. तो बोनस गुणासाठी आत आला, मी घोट्यासाठी झेप घेतली, त्याच क्षणी पलीकडून इब्राहिम त्याला धडकायला आला. चढाईपटू मधून सटकला. माझं आणि इब्राहिमचं टाळकं एकमेकांवर बसलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला असं नंतर बघणारे म्हणाले. मी आधी उठलो. इब्राहिम पालथा. पंच आले, म्हणाले, "याला बाहेर काढू या का?"

मी इब्राहिमला सरळ केलं, त्याच्या तोंडासमोर हात धरला आणि विचारलं, "किती बोटं?"

"दोन," इब्राहिम म्हणाला.

"ठीक आहे तो," मी पंचांना सांगितलं.

त्याने पुढची चार मिनिटं खेळून काढली. आम्ही जिंकलो. कपासोबत फोटो आहे. फोटो काढून झाल्यावर इब्राहिम गाड्यांच्या मागे जाऊन ओकला, ते मी पाहिलं. "उन्हाचं झालं असेल," असं मीच म्हटलं. जानेवारीत.

आता हॉस्पिटलमध्ये मी त्याला विचारलं, "चष्मा का लावलायस?"

"उजेड लागतो डोळ्यात. गाडी चालवताना चष्मा घातला की बरं वाटतं."

"डोकं?"

"डोकं काय, दुखतंच. गोळी घेतो. तुमच्यासारखं नाय काय, भाऊ. बरा हाय मी."

जाताना तो दाराच्या चौकटीला खांद्याने धडकला. दार चांगलं रुंद होतं, स्ट्रेचर जाण्याएवढं. चौकटीला "सॉरी" म्हणून तो निघून गेला. त्या दुपारी त्याला निझव्याला माल घेऊन जायचं होतं.

मी सेफ्टी ऑफिसर आहे. चौकटीला धडकणारा माणूस पिकअप घेऊन डोंगरातल्या रस्त्याला लागतोय, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. मला फोन करता येत होता, शब्द आता सगळे परत आले होते. तो अख्खा दिवस मी काही केलं नाही. संत्री खाल्ली.

कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी इमर्जन्सीतले तेच डॉक्टर मला बघायला आले. माझी बोटं हातात घेऊन बघू लागले. दोन वाकडी, एका नखाचा पत्ता नाही. म्हणाले, "हे बाथरूमचं नाही. काय खेळत होतास?"

"कबड्डी. पूर्वी."

"पुण्यात पाहिलीय मी. डोक्याला किती वेळा लागलंय?"

"तसं काही नाही."

त्यांनी सिस्टरकडून एक कोरा कागद मागवला. "लहानपणापासून जेवढं आठवतं तेवढं लिही. हळूहळू. हाताला व्यायाम पण होईल."

मी लिहायला बसलो. लिहिताना मजा वाटायला लागली, हे कबूल करतो. माझं सगळं आयुष्य त्या कागदावर उतरायला लागलं.

पहिली आठवण गावची. संगमेश्वरकडचं आमचं गाव, भात कापून झालेल्या मळ्यातलं मैदान, तांबडी माती. एका मोठ्या गड्याची टाच कपाळावर बसली. वडील म्हणाले, दगडापेक्षा हे बरं. मग रत्नागिरीचं कॉलेज. खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला तेव्हा गावात बोलले, "दिलप्या पायांवर पास होणार." मी सेकंड क्लासमध्ये बी.ए. झालो, अर्थशास्त्र घेऊन, आणि तो पेपर मी विद्यापीठ पातळीवरच्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी दिला होता, डोळ्यापुढे अंधारी येत असताना. हे मी आजवर शौर्य म्हणून सांगत आलो.

त्यानंतर ठाण्याच्या एका कारखान्याच्या संघात नऊ वर्षं. त्या काळी व्यावसायिक खेळाडू म्हणजे तेच. कामावर घ्यायचे कारकून म्हणून, दुपारपर्यंत टेबल, मग मैदान. आमचं टेबल कधी भरलेलं नसायचं आणि अंगावरचा एक भाग असा नसायचा की जो दुखत नाही. मी डावा कोपरारक्षक. कोपऱ्यावरच्या माणसाने घोट्यासाठी झेप घ्यायची म्हणजे डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या रेषेत. गुडघा आला तर आला. महिन्यातून एकदा यायचाच. राज्याच्या शिबिरात माझी दोनदा निवड झाली. दुसऱ्या वेळी शिबिरातला एक दिवस माझ्या आठवणीत नाहीच. लोक सांगतात मी खेळलो, चार पकडी केल्या. मला आठवतं ते दुसऱ्या दिवशीचं पोहे खाणं.

आणि त्या कारखान्याच्या संघात आमची ती पद्धत होती. आमचे कोच जुने. कुणी आडवा झाला की सामन्याचे डॉक्टर किंवा पंच येण्याआधी ते स्वतः पोचायचे आणि मोठ्याने विचारायचे, "किती बोटं?" बोटं कायम दोनच असायची. नवीन मुलगा संघात आला की पहिल्या आठवड्यात त्याला हे शिकवलं जायचं, जसं साखळी कशी धरायची ते शिकवतात. काही दिसो न दिसो, दोन म्हणायचं. त्याने माणूस मैदानात राहायचा. आम्हाला त्यात फसवणूक वाटली नाही. आमचा संघ बाकीच्यांपेक्षा कडवा आहे, एवढंच वाटलं.

पुढे कारखान्याने संघ बंद केला. टीव्हीवरची लीग आली तोवर माझं खेळायचं वय उलटलं होतं. मी सेफ्टीचा डिप्लोमा केला, ओमानला आलो, आणि इथे संघ उभा केला तेव्हा माझ्या पोरांना पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं. दोन म्हणायचं. इब्राहिमलाही मीच शिकवलं. रविवार ते गुरुवार मी माणसांना सांगायचो, डोक्याला लागलं की मला सांगा. शुक्रवारी सांगायचो, लागलं तरी दोन म्हणा. हे दोन्ही सांगणारं तोंड एकच आहे, हे माझ्या इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नाही. खरं तर यायला हवं होतं, पदवी त्यासाठीच असते.

कागदाच्या शेवटी मी लिहिलं, 'जानेवारी – बाथरूम.' अक्षर बरं आलं होतं. ते बघत बसलो. वर सतरा ओळी होत्या, सगळ्या खऱ्या. मग 'बाथरूम' खोडलं आणि लिहिलं, 'मैदान. इब्राहिमच्या डोक्यावर.'

डॉक्टरांनी वाचलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "इब्राहिम कुठे आहे?"

"गाडी चालवतोय."

"त्याला आत्ता थांबव."

सांगितलं तेव्हा

इब्राहिमने फोन उचलला नाही. चार वेळा केला. मग उचलला आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "भाऊ, माझं लायसन माझं घर हाय. तुमी पडून राहा आरामात, माझी काळजी नको," आणि फोन बंद केला.

मी त्याच्या मालकाला फोन लावला. मालक ओमानी, रुवीतलं दुकान वडिलांपासूनचं. मोडक्या अरबीत आणि हिंदीत सांगितलं. हे करताना मला कळत होतं की मी एका माणसाची चाकं काढून घेतोय, आणि ती वेळ त्याच्यावर माझ्यामुळेच आलीय. मालकाने प्रश्न विचारले नाहीत. त्याने इब्राहिमला वाटेतल्या बरका गावाच्या अलीकडे थांबायला सांगितलं, स्वतः दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन गेला आणि आपल्या गाडीत बसवून त्याला हॉस्पिटलला आणलं.

त्याच दुपारी भेटीच्या वेळेत मी सुनीताला सांगितलं. मृण्मयी समोर होती, तिला बाहेर पाठवलं नाही.

"मी बाथरूममध्ये पडलो नाही. शुक्रवारी खेळलो. तिथे लागलं."

सुनीता डबा उघडत होती. तिने झाकण परत लावलं. म्हणाली, "मला दिलेला शब्द मोडलात त्याचं मी बघून घेईन. पण ही पोरगी तीन दिवस नीट जेवलेली नाही, अहो. आणि तुम्ही इथे पडून बघत होतात."

मृण्मयी माझ्याकडे बघत होती. ती वाक्य जुळवतेय हे मला दिसत होतं.

"म्हणजे ते मी नव्हतं केलं?"

"नाही बाळा."

"शुअर?"

"शुअर."

तिने मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. खुर्चीवर बसून फोन काढला आणि तो उलटा धरून बघत राहिली. माझ्या सतरा ओळींतल्या एकाही माराने मला असं पाडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनीता डबा घेऊन आली, ठेवला आणि सिस्टरशी बोलून गेली. तीन दिवस असंच. चौथ्या दिवशी डब्यात सोलकढी होती, वेगळ्या बाटलीत. त्यावरून मी काय समजायचं ते समजलो. घरी गेल्यावर पाहिलं तर हिरवी मॅट बाथरूममध्ये होती. मी म्हटलं, "काढू का?" ती म्हणाली, "राहू दे. रोज बघा तिच्याकडे." अजून आहे. वायपर मात्र मृण्मयीने हातात घेणं बंद केलंय, फरशीवर पाणी पुन्हा असतं, आणि ते मी पुसतो.

वाचणाऱ्यांना सांगायचं ते थोडं आहे. डोक्याला मार लागल्यावर लगेच बरं वाटलं म्हणून सुटलो असं समजू नका, माझं दुखणं दोन-तीन आठवड्यांनी उगवलं. चप्पल निसटायला लागली, शब्द सापडेनासे झाले, ओकारी झाली, तर हॉस्पिटलला जा आणि गाडी दुसऱ्याला चालवू द्या. आणि डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं तर खरं सांगा, कारण त्या मैदानावर तुम्ही एकटे नव्हता.

रुवीतला चहा

इब्राहिमच्या स्कॅनमध्ये पातळसा थर निघाला. ऑपरेशन लागलं नाही, पण दर आठवड्याला तपासणी आणि गाडीला हात लावायचा नाही. मालकाने त्याला गोदामात बसवलं, नंतर दोन महिन्यांच्या रजेवर गावी जायला सांगितलं. नोकरी ठेवलीय असं म्हणतो. इब्राहिमचा विश्वास नाही. एवढे दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता.

त्याच्या विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रुवीला गेलो. सुनीताने गाडी चालवली आणि ती गाडीतच बसून राहिली. दुकानाजवळच्या टपरीवर दोन करक चहा घेतले. इब्राहिम आला, समोर बसला. काळा चष्मा होताच.

मी म्हटलं, "इब्राहिम, माझं चुकलं."

"कुठलं? मालकाला सांगितलंत ते?"

"ते नाही. मैदानावरचं."

तो चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"तुमाला एक सांगू काय भाऊ. त्या दिवशी तुमचा हातच दिसला नाय मला. काळं होतं सगळं. तुमचा आवाज आला तिकडं तोंड केलं आणि दोन बोललो."

मी म्हटलं, "मलाही धड दिसत नव्हतं. तुझी दोन तोंडं दिसत होती. कुठल्याला विचारायचं कळेना, म्हणून मधोमध हात धरला."

त्याने चष्मा वर सरकवला. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हंजे तुमी पण आंधळे होतात?"

"हो."

"आणि पंचाला बोललात, ठीक हाय तो."

"हो."

तो हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, टेबलावरचे कप हलले एवढा. टपरीवाला बघायला लागला. मलाही हसू आवरेना. त्याच्याकडे बघून मीही हसत सुटलो. जानेवारीनंतर पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र हसत होतो.

मग माझं हसू थांबलं. तो अजून हसतच होता, एका हाताने कपाळ घट्ट दाबून धरून.